निळा, हिरवा की तांबडा? मायक्रोस्कोपखालचा दिवा निवडताना

मायक्रोस्कोपच्या बुडातला हॅलोजन बल्ब काढून तिथे एलईडी बसवायचं ठरवलं, तेव्हा डोक्यात फक्त उष्णता होती. हॅलोजनने स्टेज तापायचा, कव्हरस्लिपखालचं पाणी भराभर सुकायचं आणि दिवा मंद केला की सगळं चित्र पिवळट पडायचं. एक पांढरा एलईडी लावला असता तर विषय तिथेच मिटला असता. पण सुट्या एलईडींच्या याद्या चाळताना दिसलं की २० मिलिमीटरच्या त्याच चांदणीच्या आकाराच्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर ३६५ नॅनोमीटरच्या अतिनीलपासून ७३० च्या पार तांबड्यापर्यंत हवी ती तरंगलांबी मिळते. एवढं समोर मांडून ठेवल्यावर पांढऱ्यावर समाधान मानणं जमेना.

आधी पांढऱ्याचीच झडती घेतली. डीव्हीडीचा तुकडा आणि बारीक फट पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं एवढ्यात कामचलाऊ स्पेक्ट्रोस्कोप होतो. डीव्हीडीवरच्या ओळींमधलं अंतर ०.७४ मायक्रॉन, सीडीचं १.६, म्हणून डीव्हीडी रंग जास्त फाकवते. हॅलोजनचा पट्टा तांबड्यापासून सुरू होऊन जांभळ्याकडे हळूहळू मावळत गेलेला, पण सलग. साध्या थंड पांढऱ्या एलईडीत मात्र निळ्यात एक भडक पट्टी, तिला लागून ४८० च्या आसपास अंधारी खाच, मग हिरव्या-पिवळ्याचा रुंद फुगवटा, आणि तांबड्यात उजेड लवकरच आटलेला. पांढरा म्हणून मिळणारा बहुतेक एलईडी मुळात ४५० च्या आसपासचा निळाच असतो. त्यावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा उजेड शोषून पिवळा सोडणाऱ्या पदार्थाचा, थर असतो. निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकीचं नोबेल मिळालं, त्यामागे हेच होतं: हा निळा साधल्यावरच असा पांढरा करता आला.

ही खाच आणि तांबड्याची चणचण स्टेन केलेल्या, म्हणजे रंग चढवलेल्या, स्लाइडवर जाणवते. इओसिन या रंगाच्या गुलाबी छटा मळकट दिसतात, गडद तांबडं आणि तपकिरी यातला फरक बुजतो. यावर उपाय सोपा निघाला. रंगदर्शन निर्देशांक, म्हणजे सीआरआय, ९५ च्या वरचा आणि ४००० ते ५००० केल्व्हिनचा पांढरा एलईडी घेतला. तोच स्पेक्ट्रोस्कोप लावला तर खाच पूर्ण बुजलेली नव्हती, पण तांबड्या बाजूला बराच लांबवर उजेड होता. सीआरआयचा आकडा बघताना आर९ हा गडद तांबड्याचा वेगळा आकडा दिलाय का तेही पाहावं. सरासरीच्या आड तो सहज लपतो. पांढऱ्याचं काम इथे संपलं. खरी गंमत सुट्या रंगांत होती.

सुट्या रंगांकडे जाण्याचं पुस्तकी कारण दीडशे वर्षांपूर्वीचं आहे. अर्न्स्ट ॲबे यांनी १८७३ मध्ये दाखवलं की मायक्रोस्कोपला किती बारीक रेघा वेगळ्या दिसू शकतील हे उजेडाची तरंगलांबी आणि लेन्सचं न्यूमेरिकल अपर्चर, म्हणजे ती किती रुंद कोनातला उजेड गोळा करते त्याचा आकडा, ठरवतं. कंडेन्सर, म्हणजे स्लाइडखालची उजेड एकवटणारी लेन्स, नीट उघडलेला असेल तर तरंगलांबीला अपर्चरच्या दुपटीने भागायचं. माझ्या ४० पटीच्या ऑब्जेक्टिव्हचं, म्हणजे स्लाइडजवळच्या लेन्सचं, अपर्चर ०.६५. म्हणजे ६३० च्या तांबड्यात साधारण ४८५ नॅनोमीटर अंतरावरच्या रेघा सुटतील, ५२५ च्या हिरव्यात ४०४, आणि ४५० च्या निळ्यात ३४६. ऑब्जेक्टिव्ह तेच, काच तीच, आणि नुसत्या रंगाने एवढी तफावत.

हे तपासायला डायटमसारखी, म्हणजे काचेसारख्या कवचाच्या सूक्ष्म शैवालासारखी, दुसरी वस्तू नाही. प्ल्यूरोसिग्मा अँग्युलॅटमच्या सिलिकाच्या कवचावर रेघा साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या अंतराने असतात, म्हणजे माझ्या तांबड्याच्या अगदी हद्दीवर. तांबडा लावला तेव्हा कवचाची कड ठसठशीत, मधली एसच्या वळणाची रेघ स्पष्ट, पण बाकी पृष्ठभाग सपाट. कंडेन्सरची झडप, म्हणजे आयरिस, पूर्ण उघडून, फाइन फोकस केसभर मागेपुढे करत राहिलं की कुठेतरी अंधुक शेड उमटल्याचा भास व्हायचा. रेघा आहेत असं शपथेवर सांगवत नव्हतं. एलईडी बदलून हिरवा आणला आणि फोकस पुन्हा जुळवला. तिरप्या रेघांचे दोन संच एकमेकांना छेद देताना उघड दिसले. निळ्यात तिसरा, आडवा संचही आला आणि काही भागांत रेघांचे तुकडे होऊन ठिपके वाटू लागले.

पण याच तपासणीत निळ्याची दुसरी बाजूही कळली. कवचाच्या मध्यावर जे सुरेख दिसत होतं, ते दृश्याच्या कडेकडे जाताना भुरकट होत होतं, आणि एकूण चित्रावर एक पुसट धूसर थर होता. हिरव्यात तो नव्हता. दोष ऑब्जेक्टिव्हच्या जातीत आहे. हौशी लोकांकडे असतात ती बहुतेक ऑब्जेक्टिव्ह ॲक्रोमॅट. त्यात तांबडा ६५६ आणि निळसर ४८६ हे दोन रंग एका फोकसला आणलेले असतात, आणि गोलीय विपथनाची, म्हणजे लेन्सच्या कडेचे आणि मधले किरण एका जागी न जुळण्याच्या दोषाची, दुरुस्ती हिरव्यासाठी, साधारण ५५० च्या आसपास केलेली असते. ४५० हा त्या दुरुस्त केलेल्या पट्ट्याच्या बाहेर पडतो. म्हणजे निळ्याने सूत्रातून जे कमावलं त्यातलं काही लेन्स परत घेते. ॲपोक्रोमॅट, म्हणजे जास्त रंगांसाठी दुरुस्त केलेलं ऑब्जेक्टिव्ह, असेल तर हा हिशोब निळ्याच्या बाजूने झुकतो. ॲक्रोमॅट असेल तर ४५० च्या खाली उतरण्यात फारसा अर्थ नाही. माझ्या १० पटीच्या जुन्या ऑब्जेक्टिव्हवर तर निळा लावणं म्हणजे उगाच डोळ्यांना त्रास.

आणि त्रास खरोखरच होतो. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरचा हिरवा सगळ्यात उजळ दिसतो. ४५० चा निळा तेवढ्याच ऊर्जेचा असला तरी त्याच्या जेमतेम चार टक्के उजळ वाटतो. शिवाय रेटिनाच्या मधोमध, जिथे आपली नजर सगळ्यात तीक्ष्ण, तिथेच निळ्याच्या शंकूपेशी जवळजवळ नसतात, आणि डोळ्याची स्वतःची लेन्सही निळा थोडा अलीकडेच फोकस करते. त्यामुळे आयपीसमधून निळ्यात बघताना चित्र अंधारं आणि निसटतं वाटतं, हात आपोआप नॉबकडे जातो आणि करंट वाढवला जातो. इथे जपावं. उजेड मंद वाटतोय म्हणून ऊर्जा कमी पडतेय असं नाही, आणि रेटिनाला सर्वाधिक अपाय करणारा पट्टा ४३५ ते ४४० च्या आसपासच आहे. मी नियमच करून टाकला: निळा फक्त कॅमेऱ्यासाठी. फोकस हिरव्यात जुळवायचा, निळ्यावर गेल्यावर डोळा काढून स्क्रीनवर बघत तो पुन्हा बारीक जुळवायचा.

कॅमेऱ्याचं वेगळंच गणित निघालं, आणि माझ्या मते निळ्याबद्दलच्या बहुतेक निराशा तिथेच जन्मतात. रंगीत सेन्सरवर पिक्सेल बुद्धिबळाच्या पटासारखे वाटलेले असतात: निम्मे हिरवे, पाव तांबडे, पाव निळे. निळा दिवा लावला की तीन चतुर्थांश पिक्सेल जवळजवळ आंधळे. समजा पिक्सेल २.४ मायक्रॉनचा आहे. मग दोन निळ्या पिक्सेलमधलं अंतर ४.८ होतं. एक रेघ-जोडी पकडायला किमान दोन पिक्सेल लागतात, म्हणजे ९.६ मायक्रॉन. आता ४० पट ऑब्जेक्टिव्ह आणि मध्ये अर्धा पट ॲडाप्टर असेल तर सेन्सरवर वर्धन २० पट. ३४६ नॅनोमीटरच्या रेघा तिथे ६.९ मायक्रॉनवर पडतात. लेन्सने दिलेलं सेन्सरने गाळलं. ॲडाप्टर काढून पूर्ण ४० पट सेन्सरवर पडू दिलं की तेच अंतर १३.८ होतं आणि रेघा येतात. दृश्याचा आवाका मात्र आक्रसतो. मोनोक्रोम, म्हणजे रंगांच्या गाळण्या नसलेला, सेन्सर असेल तर ही कटकटच नाही.

दोन बारकावे आणखी. जेपीईजीत रंगाची माहिती सहसा निम्म्या बारकाईने साठवली जाते, त्यामुळे निव्वळ निळ्या चित्राचे ठोकळे पडतात. रॉ, म्हणजे सेन्सरचा कच्चा डेटा ठेवणारी, फाइल घ्यावी. आणि संगणकावर चित्र कृष्णधवल करताना नेहमीचं ग्रेस्केलचं बटण दाबू नये. त्या सूत्रात निळ्याला फक्त ११ टक्के वजन असतं आणि हिरव्याला ५९, त्यामुळे चित्र काळवंडतं. निळा चॅनल वेगळा काढायचा, बाकीचे दोन टाकून द्यायचे.

इतकं झाल्यावर रोजच्या वापराला हिरवा राहणार हे जवळपास ठरलंच होतं. ॲक्रोमॅटची दुरुस्ती त्याच्यासाठी, डोळा त्याच्यासाठी, सेन्सरचे निम्मे पिक्सेल त्याचे. फेज कॉन्ट्रास्टच्या, म्हणजे पारदर्शक गोष्टी न रंगवता उठून दाखवणाऱ्या, ऑब्जेक्टिव्हमधली फेज प्लेटही साधारण ५४६ च्या हिरव्यासाठीच बेतलेली असते. त्या ऑब्जेक्टिव्हसोबत हिरवा फिल्टर मिळायचा तो याच कारणाने. अडचण एवढीच की नेमका ५५० चा दमदार एलईडी मिळत नाही. हिरव्याच्या या भागात एलईडीची कार्यक्षमता ढासळते. लाइम नावाने मिळणारा प्रकार फॉस्फरवर चालतो, त्यामुळे त्याचा पट्टा ऐसपैस पसरलेला असतो. ५२५ चा साधा हिरवा घेतला. त्याचा पट्टा तीसेक नॅनोमीटर रुंद असतो आणि फेजमध्ये जुन्या हिरव्या फिल्टरशी तुलना करून मला काही कमी वाटलं नाही.

डेटाशीट वाचताना एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघावी लागते. रंगीत एलईडीची तरंगलांबी बहुधा डॉमिनंट म्हणून दिलेली असते, म्हणजे डोळ्याला तो रंग ज्या तरंगलांबीचा भासतो ती. अतिनील आणि गडद तांबड्याची मात्र पीक दिलेली असते. हिरव्यात डॉमिनंट ५२५ असेल तर पीक त्याहून काही नॅनोमीटर कमी असतो, तांबड्यात उलट. वर एकाच नावाखाली ५२० ते ५३५ असा बराच मोठा पल्ला असतो. आणि हिरव्याचा करंट वाढवला की रंग निळ्याकडे सरकतो, तांबडा तापला की लांब तरंगलांबीकडे. पाहण्यासाठी याने काही बिघडत नाही. फिल्टरच्या काठावर काम करायचं असेल तर बिघडतं.

रेझोल्यूशनच्या नादात मी बराच वेळ घालवला, पण हौशी कामात रंगाचा खरा उपयोग कॉन्ट्रास्टसाठी होतो असं माझं आता ठाम मत झालंय. गालाच्या आतल्या पेशी मिथिलीन ब्लूने रंगवल्या होत्या. हा रंग ६६० च्या आसपासचा उजेड शोषतो. ६६० चा एलईडी लावला तर केंद्रकं शाईच्या थेंबांसारखी काळी, आणि पेशीद्रवातला फिका रंगही राखाडी होऊन उठून आला. त्याच जागेवर ४५० लावला आणि पेशी जवळजवळ दिसेनाशा झाल्या. नुसत्या कडा उरल्या. सॅफ्रनिन या तांबड्या स्टेनने रंगवलेल्या खोडाच्या छेदावर उलट प्रकार: हिरव्यात लाकडी भिंती काळ्याभोर, तांबड्यात गायब. नियम एका ओळीचा आहे, स्टेन ज्या रंगाचा दिसतो त्याच्या विरुद्ध रंगाचा दिवा लावा. पण मला जास्त आवडला तो याचा उलटा वापर. दोन रंगांनी रंगवलेल्या स्लाइडवर एक रंग पुसून टाकायचा असेल तर त्याच रंगाचा दिवा लावायचा. मागे फक्त दुसरा उरतो.

जिवंत प्राण्यांसाठी तांबडा, असं सर्रास ऐकायला मिळतं, आणि युग्लिना या पोहणाऱ्या हिरव्या एकपेशीय जिवाच्या बाबतीत ते पटतं. युग्लिनाची उजेडाची जाण निळ्यावर चालते. निळा लावला की त्यांची पळापळ सुरू होते. ६६० मध्ये ती आपल्या तालात पोहत राहतात आणि फोटो काढायला वेळ देतात. म्हणून स्टेंटर सेरुलियस या कर्ण्याच्या आकाराच्या एकपेशीय जिवालाही तोच दिवा दाखवला. तो तर आक्रसून गोळा झाला! कारण त्याच्या निळसर अंगातलं स्टेंटोरिन हे रंगद्रव्य ६१८ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे तांबड्यातच, उजेड शोषतं आणि एकदम उजेड वाढला की प्राणी माघार घेतो. प्राणी निळा दिसतोय याचाच अर्थ तो तांबडा शोषतोय, हे स्टेनच्या नियमावरूनही सुचायला हवं. स्टेंटरसाठी आता कुठलाही रंग मंदच ठेवतो आणि चालू-बंद न करता हळूहळू वाढवतो. ब्लेफरिस्मा या दुसऱ्या एकपेशीय जिवाला तर प्रखर उजेडात ठेवूच नये. त्याचं गुलाबी रंगद्रव्यच उजेडात त्याच्या जिवावर उठतं.

तीन रंगांच्या चिप एकाच एलईडीत मिळतात, मग वेगळे कशाला, असं कुणीही विचारेल. त्या चिप शेजारी शेजारी असतात, एका जागी नसतात. कोहलर या उजेड एकसारखा पसरवण्याच्या पद्धतीने दिव्याची प्रतिमा कंडेन्सरच्या आयरिसवर आणली की तिथे तीन वेगळे ठिपके दिसतात आणि रंग बदलला की प्रकाशाची दिशाही बदलते. मध्ये घासलेली काच घालून हे झाकता येतं, पण उजेड जातो. शिवाय तीन रंग मिसळून केलेला पांढरा स्टेनच्या स्लाइडवर विश्वासार्ह नसतो, कारण मधल्या तरंगलांब्याच त्यात नाहीत. म्हणून ॲल्युमिनियमची एक सरकती पट्टी केली, तिच्यावर चार एलईडी ओळीने: पांढरा, ५२५, ४५०, ६६०. प्रत्येक थांब्यावर खट्ट करून अडकणारी गोळी आहे, त्यामुळे चिप दर वेळी नेमकी अक्षावर येते. पट्टीच उष्णता वाहून नेते.

विजेच्या बाजूने स्थिर करंटचा ड्रायव्हर हवा. तांबड्याला दोन व्होल्टच्या आसपास लागतात, निळ्या-हिरव्याला तीनच्या वर, त्यामुळे व्होल्टेज ठरवून चालवण्याचा खटाटोप करूच नये. उजेड कमी-जास्त करायला लुकलुक करणारा पीडब्ल्यूएम डिमर डोळ्याला चालतो, पण कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे पट्टे येतात. ३५० मिलिॲम्पिअरच्या आतच सगळं भागतं.

अतिनील मी या पट्टीवर मुद्दाम ठेवला नाही. क्लोरोफिलची तांबडी चमक बघायला ४५० सुद्धा पुरतो, वरून तिरका टाकून आणि आयपीसच्या आधी निळा पूर्ण अडवणारा फिल्टर लावून. शैवालाच्या पेशी काळ्या पार्श्वभूमीवर ६८० च्या आसपास निखाऱ्यागत पेटतात. एलईडीच्या पट्ट्याची एक लांब शेपटी हिरव्याकडे जाते, तेवढी एका शॉर्टपास, म्हणजे फक्त आखूड तरंगलांबी सोडणाऱ्या, फिल्टरने कापावी लागते, नाहीतर पार्श्वभूमी काळी होत नाही. ३६५ चा उजेड दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या प्रखर दिव्याच्या सरळ वाटेत आयपीस ठेवणं मला मंजूर नाही.

शेवटची कसोटी ॲम्फिप्ल्यूरा पेल्युसिडा या आणखी बारीक रेघांच्या डायटमची होती. तिच्या रेघा पाव मायक्रॉनच्या, म्हणजे २५० नॅनोमीटरच्या आसपास. १०० पटीचं तेलातलं ऑब्जेक्टिव्ह, अपर्चर १.२५, कंडेन्सर कोरडा, म्हणजे फार तर ०.९. तरंगलांबीला दोन्ही अपर्चरच्या बेरजेने भागलं तर ६३० च्या तांबड्यात २९३, हिरव्यात २४४, निळ्यात २०९. प्रत्यक्षातही तसंच झालं: तांबड्यात काही नाही, हिरव्यात असून नसल्यासारखं, निळ्यात स्क्रीनवर बारीक पण निःसंशय रेघा. इथून पुढे ४०५ चा जांभळा मागवायचा मोह होतोच. त्याआधी कंडेन्सर आणि स्लाइडच्या मध्ये तेलाचा थेंब टाकून पाहिला. कंडेन्सरवर १.२५ लिहिलेलं असतं ते तेलासाठीच. बेरीज २.५ झाली, आणि ५२५ च्या हिरव्यात मर्यादा २१० वर आली, कोरड्या कंडेन्सरच्या निळ्याइतकीच. हिरव्यातल्या रेघा आयपीसमधून, स्क्रीनशिवाय दिसल्या, आणि त्यांच्यावर निळ्यातली ती धूसर सायही नव्हती. ४०५ मागवला नाही.